मुलांस संगणक बांधूं द्यावा काय?

गेल्या कांहीं वर्षांत पालकांच्या सभेनंतर एक नवा प्रश्न आम्हां शिक्षकांच्या कानीं वारंवार येऊं लागला आहे. नववी-दहावींतल्या एखाद्या मुलाचे वडील बाजूस येऊन सांगतात, "सर, चिरंजीवांनीं संगणक मागितला आहे. दुकानांतला तयार चालणार नाहीं म्हणतो; सुटे भाग आणून स्वतः बांधणार, तोहि एवढ्याशा कॅबिनेटांत, आणि त्यांत पाण्याच्या नळ्या बसविणार! विजेच्या यंत्रांत पाणी घालावयाचें, आणि तें कशासाठीं, तर खेळ खेळण्यासाठीं! आतां तुम्हीच त्याची समजूत घाला." आई बहुधा कांहीं बोलत नाहीं, तिला खर्चाचा आंकडा ठाऊक असतो.

ही तक्रार हंसून सोडून देण्याजोगी नाहीं. तिच्या एका बाजूस घरचा पैसा, मुलाचा वेळ आणि विजेची भीति आहे. दुसऱ्या बाजूस मुलाची उमेद आहे, आणि ती एकदां मोडली म्हणजे पुनः सहजासहजीं उभी राहत नाहीं. पुष्कळ घरांत या वादाचा शेवट दोहोंपैकीं एका रीतीनें होतो. एक तर वडील साफ नकार देतात, किंवा मुलाच्या हट्टाला कंटाळून दुकानदार सांगेल तें महाग यंत्र आणून देतात. माझ्या मतें हे दोन्ही शेवट सारखेच वाईट आहेत. कारण दोहोंतहि मुलास कांहीं शिकावयास मिळत नाहीं. मग करावें काय? एका वाक्यांत सांगावयाचें तर, संगणक अवश्य बांधूं द्यावा; परंतु उष्णतेचा जमाखर्च कागदावर मांडून दाखविल्यावांचून त्यासाठीं एक रुपयाहि देऊं नये. असें कां, तें क्रमानें सांगतों.

प्रथम हें पाणी कशासाठीं लागतें तें पाहूं. खेळाच्या संगणकांत राबणारे भाग मुख्यतः दोन, प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड. पडद्यावर आडवे १९२० व उभे १०८० असे ठिपके धरले, तर एका चित्रांत २०,७३,६०० ठिपके होतात. हालचाल सुरळीत दिसावी म्हणून सेकंदास अशीं ६० चित्रें काढलीं, तर एका सेकंदांत १२ कोटींहून अधिक ठिपक्यांचा रंग ठरवावा लागतो. हें काम वीज खातें, आणि वीज चित्रांत साठून राहत नाहीं; जवळजवळ सारीच्या सारी उष्णता होऊन बाहेर पडते. १९८१ सालीं आय्. बी. एम्. कंपनीनें आपला पहिला पर्सनल कॉम्प्युटर बाजारांत आणला, तेव्हां त्याच्या वीजपुरवठ्याची एकंदर शक्ति ६३.५ वॉट होती. २०२५ सालीं निघालेल्या आर्. टी. एक्स्. ५०९० या एकट्या ग्राफिक्स कार्डास ५७५ वॉटपर्यंत वीज लागते. बादलींतलें पाणी तापविण्याचा जो हजार वॉटचा रॉड घरोघरीं असतो, त्याच्या निम्म्याहून अधिक उष्णता हें एक कार्ड देतें. सर्वच कार्डें इतकीं खादाड नसतात. तथापि ही उष्णता कोठें न्यावयाची, हा प्रश्न लहानमोठ्या सर्वच यंत्रांना आहे.

दूध लवकर निवावें म्हणून आपल्या घरांत पातेलें परातींतल्या पाण्यांत ठेवितात. उघड्या हवेपेक्षां पाण्यांत तें लवकर निवतें, हें लहान मुलासहि माहीत असतें. त्याचें कारण असें कीं, एक लिटर पाणी एक अंशानें तापविण्यास जेवढी उष्णता लागते, तेवढ्याच उष्णतेनें सुमारें साडेतीन हजार लिटर हवा एक अंशानें तापेल. म्हणजे थोड्या जागेंत पुष्कळ उष्णता उचलून नेण्याचें काम पाणी हवेपेक्षां किती तरी चांगलें करतें. संगणकांतहि हेंच तत्त्व आहे. प्रोसेसरवर आणि कार्डावर तांब्याचा एक पोकळ ठोकळा बसवितात. त्यास वॉटर ब्लॉक म्हणतात, आणि त्याच्या आंत केसासारख्या बारीक खांचा असतात. पंप त्यांतून पाणी खेळवितो. तापलेलें पाणी नळीनें रेडिएटरकडे जातें. तेथें मोटारीच्या रेडिएटरप्रमाणें पातळ पत्र्यांतून पंखे हवा सोडतात, आणि निवालेलें पाणी पुनः ब्लॉककडे परत येतें.

येथें पुष्कळ मुलें, आणि कांहीं मोठीं माणसेंहि, एक चूक करितात. पाणी म्हणजे थंडावा, असें त्यांस वाटतें. वस्तुतः हें पाणी थंडावा उत्पन्न करीत नाहीं. तें केवळ हमालाचें काम करतें. माठांतलें पाणी खोलींतल्या हवेपेक्षां थंड होतें, कारण माठ पाझरतो आणि पाझरलेलें पाणी वाफ होऊन उडून जातांना उष्णता घेऊन जातें. संगणकाच्या नळ्या बंद असतात. त्यांतलें पाणी उडून जात नाहीं. म्हणून तें खोलीच्या हवेहून थंड कधींच होऊं शकत नाहीं. नेहमीं कांहीं अंश गरमच राहतें. मे महिन्यांत नागपुरास किंवा सोलापुरास खोलीच ४० अंशांवर असली, तर नळींतलें पाणी ५० अंशांच्या आसपास जाणें अगदीं स्वाभाविक आहे. यांतच एक समाधानाची गोष्टहि आहे. कोंकणांतल्या दमट पावसाळ्यांत या नळ्यांवर दंव धरेल अशी कोणास धास्ती वाटते. ती निराधार आहे, कारण हवेपेक्षां गरम वस्तूवर दंव धरत नाहीं. आणि उष्णता शेवटीं जाते कोठें? तर आपल्याच खोलींत. पाण्यानें यंत्र निवतें, खोली निवत नाहीं. हें एक वाक्य ज्या मुलास मनापासून कळलें, त्यानें भौतिकशास्त्राचा एक मोठा नियम पाठ न करतां शिकून घेतला असें मी समजेन.

आतां लहान कॅबिनेटाकडे वळूं. नेहमींचें उभें कॅबिनेट चाळीस-पन्नास लिटर घनफळाचें असतें. २००१ सालीं तैवानच्या व्हिया टेक्नॉलॉजीज या कंपनीनें मिनी आय्. टी. एक्स्. नांवाचें मदरबोर्डाचें माप काढलें, तें अवघें १७ सेंटिमीटर चौरस. त्यामुळें लहान यंत्र बांधण्याची वाट मोकळी झाली. पुढें दोघां हौशी गृहस्थांनीं एक अगदीं आटोपशीर कॅबिनेट स्वतः आंखून काढलें, २०१३ सालीं इतर हौशी लोकांकडून आगाऊ पैसे गोळा केले, आणि लिआन ली या तैवानी कारखान्याकडून तें तयार करवून घेतलें. त्याचें नांव एन्-केस एम्-१. त्याचें माप ३२८ × २४० × १६० मिलिमीटर. विद्यार्थ्यांनीं गुणाकार करून पाहावा. घनफळ साडेबारा लिटरांहून किंचित् अधिक येईल, म्हणजे पंधरा लिटरच्या बादलीहूनहि कमी. एवढ्याशा जागेंत मदरबोर्ड, कार्ड, एस्. एम्. पी. एस्., पंप, पाण्याची टाकी, नळ्या आणि दोन पंख्यांचा २४० मिलिमीटरचा रेडिएटर बसवून दाखविणारे लोक जगांत आहेत.

लहान जागेचा हा हव्यास कशासाठीं, असें कोणी विचारील. टेबलावरची जागा वांचते, यंत्र हातांत उचलून नेतां येतें, हीं कारणें आहेतच. परंतु शिक्षकाच्या दृष्टीनें मला त्यांत निराळा गुण दिसतो. मोठ्या कॅबिनेटांत चूक खपून जाते; लहान कॅबिनेटांत ती खपत नाहीं. तेथें मनुष्यास आधीं विचार करावाच लागतो.

एक उदाहरण घेऊं. प्रोसेसर १२० वॉटचा आणि कार्ड २०० वॉटचें आहे असें धरा. दोहोंची मिळून ३२० वॉट उष्णता पाण्यांत पडणार. ही झाली जमेची बाजू. आतां खर्चाची बाजू पाहा. हौशी लोकांत एक ढोबळ मान रूढ आहे: १२० मिलिमीटरच्या एका पंख्यामागें रेडिएटर सुमारें १०० वॉट उष्णता फारसा आवाज न करतां बाहेर टाकतो. आपल्या कॅबिनेटांत असे पंखे दोन. म्हणजे सुमारें २०० वॉट. जमा ३२०, खर्च २००. शिल्लक १२० वॉट पाण्यांतच सांचत जाणार, आणि पाणी इतकें तापेल कीं शेवटीं पंखे जोरानें फिरवून कर्कश आवाज सहन करावा लागेल. हवेच्या अंगानेंहि हेंच दिसतें. ३२० वॉट उष्णता नेतांना हवा दहा अंशांनीं तापूं द्यावयाची म्हटली, तर सेकंदास सुमारें २६ लिटर हवा पाहिजे. म्हणजे साडेबारा लिटरांच्या त्या कॅबिनेटांतली सारी हवा दर सेकंदास दोन वेळां बदलली पाहिजे! एवढें गणित करतांच मुलाच्या ध्यानीं येतें कीं, कॅबिनेटास भोंकें कोठें आहेत, तें भिंतीस टेकवून ठेवावें कीं नाहीं, या गोष्टी नळ्यांच्या रंगापेक्षां महत्त्वाच्या आहेत.

या अडचणींतून वाटा तीन. पंखे जोरांत फिरवा आणि आवाज सोसा. दुसरा रेडिएटर लावा, पण त्यास जागा नाहीं. किंवा उष्णताच कमी उत्पन्न करा. तिसरी वाट शहाणपणाची आहे, आणि ती फुकट आहे. प्रोसेसर व कार्ड यांस किती वॉट घेऊं द्यावयाचे, याची मर्यादा संगणकाच्या मांडणींतूनच घालतां येते. प्रोसेसर ९० वॉटवर आणि कार्ड १५० वॉटवर आणलें, तर बेरीज २४० होते, आणि दोन पंख्यांचा रेडिएटर ती थोड्याशा आवाजांत निभावून नेतो. वीज एवढी घटली म्हणून वेगहि तितकाच घटतो, असें मात्र नाहीं. चिपचा वेग वाढवावयाचा तर विजेचा दाबहि वाढवावा लागतो, आणि वीजखर्च दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो; त्यामुळें वेगाचा शेवटचा लहानसा भाग सर्वांत महाग पडतो. तो सोडून दिला तर डोळ्यांस फरक थोडाच जाणवतो, आणि उष्णता पुष्कळ वांचते. सर्वांत मोठें तें मागूं नये, आपल्या घरांत निभेल तें निवडावें, हा उपदेश आम्ही वर्गांत शंभरदां करितों आणि मुलें तो कानाआड करितात. लहान कॅबिनेट तोच धडा आंकड्यांनीं शिकवितें, आणि आंकड्यांशीं हुज्जत घालतां येत नाहीं.

आतां प्रत्यक्ष बांधणीकडे पाहूं. यांत हाताला आणि मनाला जें वळण लागतें, तें मला फार मोलाचें वाटतें. कार्डावरचा वॉटर ब्लॉक त्याच कार्डाच्या बांधणीसाठीं कांतलेला असावा लागतो. नांवानें जवळचा पण बांधणीनें निराळा आणला, तर तो निव्वळ तांब्याचा तुकडा ठरतो. म्हणून खरेदीपूर्वीं वाचन आलें. रेडिएटर, पंखा, फिटिंग आणि नळीचें वळण यांची जाडी मिलिमीटरांत मोजावी लागते. म्हणून मापन आलें. तांबें आणि ॲल्युमिनियम एकाच पाण्यांत आले, तर ॲल्युमिनियम कुरतडलें जातें. रसायनशास्त्राच्या तासास विद्युत्‌घटाची जी आकृति मुलें कंटाळत काढतात, तीच येथें त्यांच्या पैशांवर उठते. पाणी नळाचें चालत नाहीं, ऊर्ध्वपातित लागतें. आणि गंज धरूं नये व शेवाळ वाढूं नये म्हणून त्यांत त्यासाठीं मिळणारें औषध घालावें लागतें. नवा रेडिएटर आंतून धुवून घ्यावा लागतो, कारण कारखान्यांतला कचरा त्यांत राहिलेला असतो. फिटिंगचे आटे बेताच्या जोरानें आवळावे लागतात. फार आवळले तर रबरी कडी दबून फाटते, सैल ठेविले तर गळती होते. बेताचा जोर म्हणजे किती, हें पुस्तकांत वाचून कळत नाहीं. बोटांनाच शिकावें लागतें. नवशिका बहुधा पाणी भरण्याची सोय करतो आणि काढण्याची विसरतो. म्हणून सर्वांत खालच्या जागीं पाणी सोडण्याची तोटी आरंभींच आंखून ठेवावी.

पाणी कोणत्या भागांतून आधीं न्यावें आणि कोणत्यांतून मागून, यावर मुलें तासन् तास वाद घालतात. याचाहि निकाल गणितानें लागतो. पंप मिनिटास दोन लिटर पाणी खेळवीत असला, तर ३२० वॉट उष्णतेनें तें पाणी एका फेऱ्यांत सुमारें सव्वादोन अंशच तापतें. म्हणजे साऱ्या नळ्यांतलें पाणी जवळजवळ सारखेंच गरम असतें, आणि क्रमाचा वाद निरर्थक ठरतो. नळी जेथून सोपी जाईल तेथून न्यावी. एकच क्रम पाळावयाचा. तो हा कीं टाकींतलें पाणी आपोआप पंपांत उतरावें, कारण पंप कोरडा चालविला तर बिघडतो.

सर्वांत महत्त्वाची पायरी म्हणजे गळतीची परीक्षा. सारें जोडून झालें म्हणजे मुलाला धीर निघत नाहीं. केव्हां एकदां बटण दाबतों असें त्यास होतें. परंतु नियम असा आहे कीं, त्या वेळीं मदरबोर्डास आणि कार्डास वीज द्यावयाची नाहीं. फक्त पंपाला वीज द्यावयाची, प्रत्येक सांध्याखालीं कोरडा कागद ठेवावयाचा, आणि कित्येक तास नुसतें पाहत बसावयाचें. कागद ओला झाला नाहीं, तरच पुढें जावयाचें. विजेच्या यंत्रांत पाणी घालण्यास भिणाऱ्या पालकांस माझें हेंच उत्तर आहे: धोका पाण्यांत नाहीं, घाईंत आहे. मात्र दोन गोष्टींत सवलत नको. एस्. एम्. पी. एस्.ची पेटी मुलानें कधींहि उघडूं नये, कारण वीज बंद केल्यावरहि तिच्या आंत धोकादायक भार राहूं शकतो. आणि घरच्या प्लगास अर्थिंग नीट आहे कीं नाहीं, हें जाणत्या वायरमनकडून आधीं पाहून घ्यावें. पहिल्यांदा वीज सोडतांना घरांतलें मोठें माणूस जवळ असावें, हें निराळें सांगणें नको.

आतां आक्षेपांचा विचार करूं. पहिला आक्षेप खर्चाचा, आणि तो खरा आहे. पंप, ब्लॉक, रेडिएटर आणि विशेषतः ती चिमुकलीं फिटिंगें यांची किंमत जोडतां जोडतां प्रोसेसरच्या किंमतीस येऊन भिडते. शिवाय हें सारें केल्यानें खेळाचा वेग फारसा वाढत नाहीं. मुलांनो, हें तुम्हांस कडू लागेल. पण पुष्कळशा यंत्रांस चांगला पंखा पुरतो. उष्णता उत्पन्न करणारे दोन भाग एकमेकांस खेटून बसले असतील, त्यांच्याभोंवतीं मोठे पंखे बसविण्यास जागा नसेल, आणि ती उष्णता कॅबिनेटाच्या कडेपर्यंत वाहून न्यावयाची असेल, तेव्हांच पाण्याचें काम खरें. म्हणून पहिला संगणक हवेवर चालणारा बांधावा. तो वर्षभर नीट सांभाळावा. आणि मग दुसऱ्या पायरीस पाण्याचा विचार करावा, असें माझें स्पष्ट मत आहे. जो पहिल्याच दिवशीं रंगीत नळ्या मागतो, त्यास संगणक नको आहे, शोभेचें झाड हवें आहे.

दुसरा आक्षेप खेळाचा. खेळांत वेळ जातो, हें मी नाकारीत नाहीं, आणि त्यावर वेळापत्रकाचा बंधारा घालणें हें आईबापांचें कामच आहे. तथापि जें कार्ड खेळ खेळवितें, तेंच चित्रपटाचें संकलन करतें, इमारतींचीं चित्रें काढतें आणि शास्त्रज्ञांचीं अवघड गणितेंहि सोडवितें. पाण्यानें यंत्र निवविण्याची विद्याहि केवळ खेळगड्यांची नाहीं. १९६० नंतरच्या दशकांतच आय्. बी. एम्.च्या मोठ्या गणकयंत्रांत पाणी खेळविलें जात होतें. आपल्या पुण्यास आयसर संस्थेंत २०१९ सालीं "परम ब्रह्म" हा महासंगणक बसविण्यांत आला. त्यांतहि उष्णता उचलण्यासाठीं द्रव थेट चिपवरच्या ठोकळ्यापर्यंत नेण्याची योजना आहे. ज्या मुलानें आपल्या टेबलावर हें काम एकदां केलें, त्यास असें महायंत्र पाहतांना तें परकें वाटणार नाहीं.

तिसरा आक्षेप असा कीं, तयार यंत्र मिळत असतां ही उठाठेव कशाला? तयार यंत्र वाईट असतें असें नाहीं. ज्यास केवळ काम करावयाचें आहे त्यानें तें खुशाल घ्यावें. परंतु तयार यंत्र बिघडलें कीं मालक हात जोडून दुकानदारापुढें उभा राहतो. स्वतः बांधलेलें यंत्र बिघडलें कीं तो पेचकस हातांत घेतो. हा फरक संगणकापुरता राहत नाहीं. नळ गळो, पंखा थांबो, वही फाटो, "हें मला दुरुस्त करतां येईल काय" हा प्रश्न मनांत उठणें, हीच शिक्षणाची मोठी कमाई आहे. आणि ही कमाई केवळ मुलग्यांची नव्हे. भावाचा संगणक बांधून होत असतां बहिणीनें केवळ स्क्रूंची वाटी धरून उभें राहावें, हें मला मुळींच पसंत नाहीं. पेचकस तिच्याहि हातांत द्यावा.

"आम्हांस तर यांतलें कांहींच कळत नाहीं, मुलाची परीक्षा आम्हीं कशी घ्यावी?" असें पालक म्हणतील. त्यांच्यासाठीं चार प्रश्न सांगतों. ते विचारण्यास संगणकाचें ज्ञान लागत नाहीं. पहिला: या यंत्रानें तूं नेमकें काय करणार, आणि त्यास कमींत कमी किती शक्ति पुरेल? दुसरा: प्रत्येक भाग किती वॉट उष्णता देणार, आणि ती बाहेर टाकण्यास किती पंखे व किती रेडिएटर आहे? तिसरा: प्रत्येक भागाचें माप किती, आणि कॅबिनेटांत मोकळी जागा किती? चवथा: धूळ कोण झाडणार, पाणी कोण आणि केव्हां बदलणार? या चार प्रश्नांचीं उत्तरें मुलानें एका वहींत स्वच्छ अक्षरांत लिहून आणावीं. तो बेरजा करून आला, तर समजावें कीं त्याची आवड खरी आहे. "सगळ्यांकडे आहे म्हणून" एवढेंच उत्तर आलें, तर नकार देण्यास संकोच नको. चवथा प्रश्न पालकांनीं विशेष लावून धरावा. आपल्याकडची धूळ रेडिएटरच्या पातळ पत्र्यांत कापसासारखी बसते. पंखेच बंद पडले, तर नळ्यांतलें अर्धा लिटर पाणी ३२० वॉट उष्णतेनें मिनिटास सुमारें नऊ अंशांनीं तापूं लागेल, हेंहि मुलाकडून गणित करवून घ्यावें. म्हणजे पंखे साफ ठेवण्याचें महत्त्व त्यास निराळें सांगावें लागणार नाहीं.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावांचून हा लेख पुरा होणार नाहीं. आमच्या शाळेंत अशीं पुष्कळ घरें आहेत कीं, ज्यांना हा खर्च कोणत्याहि हिशेबानें झेपणार नाहीं. त्या घरांतल्या मुलांनीं हें सारें केवळ वाचावें आणि सुस्कारा टाकावा काय? मुळींच नाहीं. या छंदाच्या आरंभीच्या दिवसांत तयार सामान मिळत नसे. हौशी लोक जुन्या मोटारींतले हीटरचे लहान रेडिएटर आणि मत्स्यालयाचे पंप आणून काम भागवीत. तोच मार्ग आपणांस मोकळा आहे. माझी सूचना अशी कीं, आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांसाठीं शाळेनें एक टेबल राखून ठेवावें. कचेऱ्यांतून आणि पालकांकडून टाकाऊ झालेले संगणक मागून आणावेत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लींत असलें जुनें सुटें सामान थोडक्या किंमतींत शोधतां येतें. विद्यार्थ्यांनीं चौघाचौघांच्या गटांत ते उघडावे, झाडावे, नवी थर्मल पेस्ट लावावी आणि पुनः चालू करावे. दुसऱ्या बाजूस तांब्याच्या नळीचें वेटोळें, मत्स्यालयाचा एक लहान पंप आणि प्रयोगशाळेंतले तीन उष्णतामापक एवढ्यावर पाणी उष्णता कशी वाहून नेतें याचा प्रयोग मांडावा, आणि आंकडे फळ्यावर लिहावे. यास लागणारा खर्च स्नेहसंमेलनाच्या पडद्यांहून अधिक येणार नाहीं. ज्या पालकांनीं स्वतःच्या मुलासाठीं मोठें यंत्र घेण्याचें ठरविलें असेल, त्यांनीं जुनें यंत्र या टेबलास द्यावें, अशी माझी त्यांस आग्रहाची विनंति आहे. ज्ञान एका घरांत कोंडून राहूं नये.

विद्यार्थिमित्रहो, तुम्हांला माझें शेवटचें सांगणें थोडें आहे. संगणक मागण्यापूर्वीं वही घ्या. डाव्या पानावर किती वॉट आंत येणार तें लिहा, उजव्या पानावर किती बाहेर जाणार तें लिहा. दोन्ही बेरजा जुळत नाहींत तोंवर भाग बदला, मर्यादा घाला, पुनः मोजा. बेरजा जुळल्या म्हणजे ती वही वडिलांच्या पुढें ठेवा, आईच्याहि पुढें ठेवा, आणि त्यांच्या प्रश्नांस न चिडतां उत्तरें द्या. मग यंत्र या वर्षीं मिळो, दोन वर्षांनीं मिळो, कीं शाळेच्या टेबलावरच्या जुन्या संगणकावर काम करावें लागो. तुमची वही वाया जाणार नाहीं.